हेकियाची ओळख पटवताना

मे-जूनमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियात हिवाळा उतरू लागतो तेव्हा, पर्थ, ॲडलेड किंवा मेलबर्नच्या जुन्या बागांमध्ये एक झुडूप फुलावर येते आणि पाहणाऱ्याला कोड्यात टाकते. उंची तीन ते सहा मीटर. पाने लांबट, जाड, निळसर हिरवी, थेट नीलगिरीच्या वळणाची. त्या पानांच्या बगलेत, फांद्यांच्या आतल्या बाजूला, लाल रंगाचे गोल गेंद लागलेले असतात आणि प्रत्येक गेंदातून पिवळट पांढऱ्या काड्या चहूबाजूंनी ताठ बाहेर आलेल्या असतात, टाचण्या खोचलेल्या पिनकुशनसारख्या. घर हात बदलत आलेले असते, झाड कोणी लावले ते सांगणारे कोणी उरलेले नसते आणि रोपवाटिकेची चिठ्ठी तर केव्हाच गळून गेलेली असते. या झुडपाचे नाव हेकिया लॉरिना. त्या नावापर्यंत पोचण्याचा रस्ता मात्र फुलावरून सरळ जात नाही. तो पानाच्या शिरांवरून, काडीच्या टोकावरून आणि सर्वांत खात्रीने फळावरून जातो.

ऑस्ट्रेलियातल्या वनस्पतींची ओळख अवघड होण्याला कारणे आहेत. या खंडात वीस हजारांच्या आसपास जाती मूळच्या आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य जगात अन्यत्र कुठेही आपणहून उगवत नाहीत. एकट्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, पर्थपासून एस्परन्सपर्यंतच्या टापूत, सात-आठ हजार जाती आहेत. संख्येपेक्षाही जास्त गोंधळ उडवतो तो सारखेपणा. जमीन कोट्यवधी वर्षे झिजून निकस झालेली, उन्हाळा कोरडा, वणवे वारंवार. अशा परिस्थितीत एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या कुलांनी एकाच प्रकारचे पान घडवले: जाड, चिवट, अरुंद, पाणी राखून ठेवणारे. फुलांचेही तेच झाले. मध चाखणारे पक्षी, ज्यांना तिथे हनीईटर म्हणतात, या झुडपांवर मोठ्या संख्येने येतात. पक्ष्यांना लाल रंग चटकन दिसतो आणि डोक्यावर पराग चिकटवायचा तर फुलातून लांब, ताठ काड्या बाहेर यायला हव्यात. त्यामुळे लाल रंगाचे, पाकळ्या नसल्यासारखे दिसणारे, काड्याच काड्या असलेले फूल निरनिराळ्या कुलांत स्वतंत्रपणे तयार झाले. रंग आणि एकंदर रूप यांवर भिस्त ठेवणारा माणूस इथे हमखास चुकतो.

म्हणून पहिला प्रश्न या काड्यांविषयी विचारायचा: त्या नेमक्या कशाच्या बनल्या आहेत? महाराष्ट्रात शहरांच्या बागांत आणि रस्त्यांच्या कडेला बॉटलब्रश पुष्कळ लावलेला आहे. तोही मूळचा ऑस्ट्रेलियन. त्याच्या लाल ब्रशातले एक फूल सुटे करून भिंगाखाली धरले, तर पाच अगदी छोट्या पाकळ्या दिसतात आणि त्यांच्या आतून पुष्कळ पुंकेसर निघालेले असतात. प्रत्येक काडीच्या टोकावर परागकोशाचा एक ठिपका. म्हणजे ब्रश बनतो तो पुंकेसरांचा. हेकियाच्या गेंदात तसे नाही. तिथे प्रत्येक फुलातून एकच काडी येते आणि ती पुंकेसर नसून कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा असते. शंभराहून जास्त फुले एका गेंदात दाटीवाटीने बसलेली असतात, म्हणून काड्या शंभरावर दिसतात. एका फुलात किती काड्या आहेत हे मोजले की मिर्टेसी आणि प्रोटिएसी ही ऑस्ट्रेलियातली दोन मोठी कुले वेगळी होतात.

याला पानाची जोड द्यावी. मिर्टेसी कुलात, म्हणजे नीलगिरी, बॉटलब्रश, टी-ट्री यांच्या गोतात, पानांत तेलाच्या ग्रंथी असतात. पान चुरगळले की वास येतो. उन्हासमोर धरले की बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. आपल्याकडची जांभूळ आणि पेरू याच कुलातली. हेकिया लॉरिनाचे पान दिसायला हुबेहूब नीलगिरीचे, पण चुरगळले तर तो ओळखीचा वास नाही आणि उजेडात ठिपके नाहीत. शिवाय नीलगिरीच्या पानात एक ठसठशीत मध्यशीर असते आणि तिच्यापासून बाजूच्या शिरा फुटतात. लॉरिनाच्या पानात मात्र अनेक शिरा देठापासून टोकापर्यंत जवळजवळ समांतर धावतात. असे समांतर शिरांचे, चपटे, चिवट पान ऑस्ट्रेलियन बाभळींच्या काही जातींतही आढळते. ते खरे तर रुंदावलेले देठच असते आणि त्याच्या कडेला, बुडाजवळ, बहुधा एक लहान ग्रंथी असते. शेंग दिसली की बाभळीचा संशय फिटतो.

इतर कुले झटपट बाजूला काढता येतात. वाटाण्याच्या घाटाचे फूल असेल तर ते शिंबी कुल. चार पाकळ्या जुळून लोंबती नळी झाली असेल, पाने समोरासमोर असतील आणि चुरगळल्यावर वास येत असेल, तर ती लिंबाच्या कुलातली कोरिया असू शकते. जांभळ्या जास्वंदीसारखे मोठे फूल दिसले तर कुक्षीवृंत पाहावा. जास्वंदीत तो टोकाला पाच शाखांत फुटतो. ऑस्ट्रेलियातल्या ॲलिओजिनमध्ये तो अखंड राहतो.

प्रोटिएसी कुलाचे फूल मात्र निवांत पाहण्यासारखे आहे, कारण त्याची रचना विलक्षण आहे. त्याला पाकळ्या आणि निदले असा भेद नाही. चार परिदले असतात आणि कळीत ती कडांनी जुळून नळी झालेली असते. पुंकेसरही चारच, पण त्यांना सुटे दांडे नाहीत. परागकोश परिदलांच्या टोकांना आतल्या बाजूने चिकटलेले असतात. नळीच्या मधोमध कुक्षीवृंत वाढत असतो आणि तो नळीपेक्षा वेगाने वाढतो. टोक वर अडकलेले, दांडा मात्र लांबत चाललेला, म्हणून तो कमानीसारखा वाकून नळीच्या फटीतून बाहेर डोकावतो. या काळात, फूल उमलण्याआधीच, परागकोश फुटतात आणि पराग त्या अडकलेल्या टोकावर जमा होतो. मग परिदले सुटून मागे वळतात, दांडा सरळ होतो आणि स्वतःच्या फुलाचा पराग माथ्यावर घेऊन उभा राहतो. मध शोधणाऱ्या पक्ष्याच्या कपाळाला तो पराग लागतो. पराग निघून गेल्यावर त्याच टोकावरची कुक्षी ग्रहणक्षम होते आणि दुसऱ्या फुलाचा पराग स्वीकारते. एकच अवयव आधी पराग देतो आणि नंतर घेतो, असे हे फूल आहे. गेंदावरची वेगवेगळ्या वयाची फुले सुईने सुटी केली तर या सगळ्या पायऱ्या एकाच वेळी दिसतात. यासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते.

बँक्सिया, ग्रेव्हिलिया, हेकिया, वॅराटा ही सारी मंडळी याच कुलातली. बँक्सियाचे नाव ज्यांच्यावरून पडले ते जोसेफ बँक्स १७७० मध्ये कॅप्टन कुकच्या ‘एन्डेव्हर’ जहाजातून बॉटनी बे येथे उतरले होते. त्यांनी आणि डॅनियल सोलँडर यांनी तिथे गोळा केलेल्या नमुन्यांत बँक्सिया होती. हेकिया लॉरिनाला वैज्ञानिक नाव मिळाले १८३० मध्ये, रॉबर्ट ब्राउन यांच्याकडून. ब्राउन १८०१ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्सच्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजाबरोबर ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर येऊन गेले होते आणि पुढे प्रोटिएसी कुलाची शास्त्रशुद्ध मांडणी करण्याचे मोठे काम त्यांनी केले.

कुल ठरले तरी एक चकवा शिल्लक राहतो. दक्षिण आफ्रिकेतही प्रोटिएसी कुल आहे आणि तिथली ल्युकोस्पर्मम ही झुडपे ऑस्ट्रेलियातल्या रोपवाटिका सर्रास विकतात. त्यांचाही गेंद लाल-केशरी, काड्याही तशाच आणि बोलीतले नावही पिनकुशनच. फुलाची रचना त्याच कुलाची असल्याने वर सांगितलेली कसोटी इथे उपयोगी पडत नाही. पण ल्युकोस्पर्ममचे गेंद फांद्यांच्या शेंड्यांकडे, पर्णसंभाराच्या बाहेर मिरवतात. पानांच्या टोकाशी बहुधा दाते असतात आणि फळ म्हणजे गेंदात दडलेली लहानशी कवची. लॉरिनाचे गेंद पानांच्या आत लपलेले आणि पानांची कड अखंड.

आता राहतात दोन जवळचे भाऊ, ग्रेव्हिलिया आणि हेकिया. ग्रेव्हिलियाच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत. बहुतेक ऑस्ट्रेलियातल्या, थोड्या न्यू गिनी, न्यू कॅलेडोनिया आणि सुलावेसीतल्या. हेकियाच्या सुमारे दीडशे जाती आणि त्या साऱ्या फक्त ऑस्ट्रेलियात. दोघांची फुले इतकी सारखी की नुसत्या फुलावरून अनुभवी माणसालाही निर्वाळा देणे जड जाते. पानावरून अंदाज बांधता येतो: ग्रेव्हिलियाच्या पानाची खालची बाजू पुष्कळदा फिकट, रेशमी लव असलेली असते, हेकियाचे पान दोन्ही बाजूंनी सहसा एकाच रंगाचे.

खरा निवाडा फळ करते. ग्रेव्हिलियाचे फळ पातळ कवचाचे असते. ते पिकले की एका बाजूने उकलते, बी टाकते आणि लवकरच वाळून गळते. पुष्कळदा त्याच्या टोकाला जुन्या कुक्षीवृंताची वाळकी शेपटी चिकटलेली दिसते. हेकियाचे फळ म्हणजे चक्क लाकूड. जाड, कठीण, बोथट चोचीचे हे फळ पिकल्यावरही उघडत नाही. वर्षानुवर्षे फांदीवर मिटलेले राहते. वणव्यात झाड होरपळले किंवा ती फांदी मेली, की फळाचा पाणीपुरवठा तुटतो, ते वाळते आणि दोन झडपांत दुभंगते. आत दोनच बिया, काळसर, प्रत्येकीला पातळ पंख. जाड लाकडामुळे आगीची धग बियांपर्यंत पोचत नाही आणि त्या पडतात त्या नुकत्याच जळून मोकळ्या झालेल्या, राखेने सुपीक झालेल्या जमिनीवर. बागेत वणव्याची वाट पाहायची गरज नाही. जुन्या फांदीवरचे एक फळ कापून उन्हाच्या जागी कोरडे ठेवले तर काही दिवसांत ते आपोआप उघडते. दोन झडपा आणि दोन पंखवाल्या बिया दिसल्या की हेकिया ही प्रजाती पक्की. फूल वर्षातून काही महिनेच असते. हे फळ बाराही महिने झाडावर असते आणि तरीही बहुतेक लोक ते पाहत नाहीत, याचे वाईट वाटते.

ग्रेव्हिलिया आणि हेकिया यांच्यातल्या सीमेविषयी एक गोष्ट नोंदवायला हवी. अलीकडच्या डीएनए अभ्यासांत हेकियाची शाखा ग्रेव्हिलियाच्या विस्तारातूनच फुटलेली दिसते, म्हणून दोन्ही प्रजाती एकत्र कराव्यात की काय, असा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे आहे. बॉटलब्रशचे तसे झालेच आहे: काही तज्ज्ञ बॉटलब्रशच्या कॅलिस्टेमॉन या प्रजातीला आता मेलाल्युका या प्रजातीतच धरतात, तर काही अजून वेगळे ठेवतात. त्यामुळे एकाच झाडाला दोन पुस्तकांत दोन नावे आढळली तर त्यांतले एक चुकीचेच असेल असे नाही.

हेकिया ठरल्यावर जात ठरवायची. गोल गेंदांच्या हेकियांमध्ये लॉरिनाची गल्लत होते ती मुख्यतः पर्थजवळच्या डोंगरांतल्या हेकिया पेटिओलारिसशी. तिचे पान रुंद, करडट आणि लांब देठाचे. तिचे गेंद मलई ते गुलाबी-जांभळ्या रंगाचे आणि पुष्कळदा जुन्या, पाने गळून गेलेल्या लाकडावर थेट लागलेले. लॉरिनाचे पान अरुंद, सहा ते सोळा सेंटिमीटर लांब, आणि गेंद पानांच्या बगलेत. कळी अवस्थेत लॉरिनाचा गेंद एकावर एक बसलेल्या छदांनी पूर्ण झाकलेला असतो. उमलताना ही छदे गळून पडतात. गोल गेंदांऐवजी लांबट तांबडे तुरे दिसले तर हेकिया ब्युक्युलेंटा किंवा हेकिया फ्रान्सिसियाना यांचा विचार करावा. हंगामही मदत करतो: लॉरिना एप्रिल ते ऑगस्ट फुलते.

रानातल्या झाडाला एवढे पुरते. बागेतल्या झाडाला पुरेलच असे नाही, कारण बागेतले झाड रानात कधी अस्तित्वात नसलेलेही असू शकते. ‘रॉबिन गॉर्डन’ हे याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. क्वीन्सलँडमधल्या ग्लेनमॉर्गनजवळ मायल पार्क येथे डेव्हिड गॉर्डन यांनी देशभरातली झाडे जमवली होती. तिथे पूर्व किनाऱ्यावरची ग्रेव्हिलिया बँक्सिआय आणि पर्थकडची ग्रेव्हिलिया बायपिनॅटिफिडा शेजारी आल्या. निसर्गात या दोघींमध्ये अख्खा खंड आडवा पडलेला. त्यांच्या संकरातून जे रोप निपजले त्याला गॉर्डन यांच्या मुलीचे नाव मिळाले. ते जवळजवळ वर्षभर फुलते, म्हणून ऑस्ट्रेलियाभर लावले गेले. काहींच्या त्वचेवर त्याच्या स्पर्शाने पुरळ उठते, तेव्हा अनोळखी ग्रेव्हिलिया हाताळताना हातमोजे घालावेत. हेकियातही ‘बरेंडाँग ब्यूटी’ हा असाच संकर आहे; पेटिओलारिस ही त्याची एक जनक मानली जाते. अशा संकरित झाडांना फळ धरेलच असे नाही, आणि मग सर्वांत भरवशाचा पुरावाच हाताशी नसतो. पानांत दोन जातींची लक्षणे मिसळलेली दिसली तर रानटी जातींच्या पुस्तकांऐवजी उद्यान-वाणांच्या सूचीकडे वळावे.

दुसरी अडचण कलमांची. नाजूक ग्रेव्हिलिया पूर्वेकडच्या दमट हवेत मुळांच्या रोगाने मरतात, म्हणून त्या दणकट खुंटावर बांधल्या जातात आणि तो खुंट फार वेळा सिल्व्हर ओकचा असतो. सिल्व्हर ओक म्हणजे ग्रेव्हिलिया रोबस्टा. भारतात चहा-कॉफीच्या मळ्यांवर सावलीसाठी आणि महाराष्ट्रात रस्त्यांच्या कडेला, बंगल्यांच्या आवारात लावलेला हा वृक्ष मराठी वाचकाच्या रोजच्या पाहण्यातला आहे. कलमाच्या खालून खुंटाला फुटवे आले तर एकाच झुडपावर दोन प्रकारची पाने दिसतात आणि निदान भरकटते. या साऱ्या कसोट्यांचा सराव करायलाही सिल्व्हर ओक उत्तम आहे: नेच्यासारख्या चिरलेल्या पानाची खालची बाजू रुपेरी, केशरी फुले दांड्याच्या एकाच अंगाला रांगेत, परागाचे टोक मिरवणाऱ्या वळलेल्या काड्या, आणि नंतर पातळ कवचाचे, शेपटीवाले फळ. ग्रेव्हिलियाची बहुतेक लक्षणे एकाच झाडावर भेटतात.

तज्ज्ञाकडे विचारायचे झाले तर नुसत्या फुलाचे छायाचित्र अपुरे ठरते. पानाच्या दोन्ही बाजू, पान फांदीला जोडलेली जागा, कळी, उमललेले फूल, कोवळे आणि जून फळ, खोडाची साल आणि पूर्ण झाडाचा आकार, इतके टिपावे. मापासाठी शेजारी पट्टी ठेवावी. बागेतली डहाळी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवली तर तिचा नमुना होतो. राष्ट्रीय उद्यानातल्या किंवा संरक्षित रानातल्या झाडाची डहाळी मात्र परवान्याशिवाय तोडता येत नाही. मेलबर्न, सिडनी, पर्थ, कॅनबेरा येथे मोठी वनस्पतिसंग्रहालये आहेत. मेलबर्नच्या संग्रहाची सुरुवात फर्डिनांड फॉन म्यूलर यांनी १८५३ मध्ये केली. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या जातींसाठी ‘फ्लोराबेस’ आणि न्यू साउथ वेल्ससाठी ‘प्लांटनेट’ ही संकेतस्थळे सर्वांना खुली आहेत. ग्रेव्हिलियांसाठी पीटर ओल्ड आणि नील मॅरियट यांचे तीन खंडांचे ‘द ग्रेव्हिलिया बुक’ हाताशी असावे. मोबाइलवरची ओळख-ॲप्स प्रजातीपर्यंत पुष्कळदा बरोबर नेतात, पण ती मुख्यतः चित्रातल्या रूपावर चालतात. तेव्हा संकर आणि फळांचे बारकावे यांबाबत त्यांचे उत्तर अंतिम मानू नये.

नाव कळले की झाडाची निगा बदलते. हेकिया, बँक्सिया, ग्रेव्हिलिया यांच्या मुळांना बारीक तंतूंचे दाट झुबके फुटतात. निकस मातीतला कणभर फॉस्फरस शोषून घेण्यासाठी ती व्यवस्था आहे. अशा झाडाला प्रेमाने सुपर फॉस्फेट घातले तर पाने पिवळी पडतात, कडा करपतात आणि झाड मरूही शकते. लॉरिनाला पाण्याचा चटकन निचरा होणारी जमीन आणि कोरडा उन्हाळा मानवतो. ब्रिस्बेनच्या दमट उन्हाळ्यात ती रडतखडत जगते. तिची मुळे उथळ आणि माथा जड, म्हणून वादळी वाऱ्यात ती उपटून पडते. लहानपणापासून हलकी छाटणी करून माथा आटोपशीर ठेवणे हा त्यावर उपाय.

जात अचूक ठरवण्याचे आणखी एक कारण म्हणजे तणांचा धोका. ग्रेव्हिलिया रोझमॅरिनिफोलिया ऑस्ट्रेलियातलीच, पण व्हिक्टोरियात ती बागांतून निसटून आपल्या मूळ टापूबाहेरच्या रानात शिरली आहे. दक्षिण आफ्रिकेत तर कुंपणासाठी नेलेली हेकिया सेरिसिया केपच्या डोंगरांवर पसरली. लाकडी फळांत साठवलेले बी प्रत्येक वणव्यानंतर एकदम सांडते आणि तिथल्या मूळ झुडपांना जागा उरत नाही. तिला आवरण्यासाठी तोडणी आणि जाळणी यांच्या जोडीला ऑस्ट्रेलियातून एक सोंडकिडा आणला गेला. तो तिच्या कोवळ्या फळांवर जगतो, त्यामुळे फळ लाकडी होण्याआधीच आतले बी नष्ट होते.